बोअर सरळ आसा

पप्पा,

तुमच्या सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतलं भोक, सरळ नाही. तोंडाशी ते दीड थाऊ मोठं आहे आणि तळाकडे जाता जाता निमुळतं होत गेलं आहे. दीड थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची दीडपट. डोक्यावरचा केससुद्धा याहून जाड असतो, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. मी हे पुन्हा पुन्हा मोजलं आहे. सकाळच्या गारव्यात मोजलं, दुपारी शेडचा पत्रा तापल्यावर मोजलं, सिलिंडर रॉकेलने धुऊन, पुसून, तासभर तसंच ठेवून परत मोजलं. गेज आमच्या कंपनीतलं आहे. रीतसर विचारून आणलेलं, आणण्याआधी तपासून घेतलेलं. चूक माझी निघावी म्हणून जे जे करता येतं ते सगळं करून झालं. चूक माझी निघत नाही.

तुम्ही जाऊन दहा वर्षं होऊन गेली. इतकी वर्षं काकाने तुमचा लेथ चालवला. होड्यांचे शाफ्ट, पंपांचे बुश, जे येईल ते केलं. आता त्याचे गुडघे उभं राहू देत नाहीत आणि बंदरावरची माणसं तयार भाग विकत आणून बसवतात. लेथ कट्टा गावच्या एका गॅरेजवाल्याला द्यायचं ठरलं आहे. या महिन्यात तो टेम्पो घेऊन येईल. त्याआधी शेड रिकामी करायची म्हणून मी कुडाळहून सुट्टी काढून घरी आले. लेथच्या खालच्या खणात, ग्रीस लावलेल्या फडक्यात, तुमचं गरम हवेचं इंजिन तसंच होतं. चाक, पितळी पाय, तापायची नळी, नळीतला लठ्ठ पिस्टन, सगळं झालेलं. बिडाचं ते लहान सिलिंडर आणि त्याच्या पिस्टनसाठी ठेवलेला बिडाचा तुकडा तेवढा वेगळ्या फडक्यात होता. तुमच्या हातचं ते शेवटचं काम. पिस्टन मी करायचा, असं तुम्ही सांगून गेला होतात. मी ते टाळत आले. आता लेथच जाणार, म्हणून करायला घेतलं. आणि पिस्टन करण्याआधी भोक मोजायचं, हे तुम्हीच शिकवलेलं.

म्हापशाच्या तुमच्या मित्राच्या शोकेसमध्ये तुम्ही तसलं इंजिन पाहिलं होतं. घरी आल्यावर दोन दिवस तुम्ही दुसरं काही बोलत नव्हतात. आयुष्यभर ट्रॉलरच्या डिझेल मशिनांत डोकं घालून तुमचा एक कान गेला होता. हे इंजिन स्पिरिटच्या दिव्यावर चालतं, स्फोट नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणून तुम्हाला त्याचं वेड लागलं. “हवा तापली की फुगता, थंड झाली की आवळता. तितकाच,” तुम्ही मला सांगितलं होतं. “तितक्यावर चाक फिरता.” मला तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं. मग तुम्ही त्यातली मेख सांगितली. आत दोन पिस्टन. नळीतला लठ्ठ पिस्टन फक्त हवा इकडून तिकडे हलवतो. त्याने कुठेही अंगाला लागता कामा नये, चारी बाजूंनी त्याला मोकळी वाट हवी. लहान पिस्टन मात्र चाक ओढतो. तो सिलिंडरला घासता कामा नये आणि त्याच्या बाजूने हवाही निसटता कामा नये. त्याला रिंग नाही, कारण रिंग घासते. तेल नाही, कारण एवढ्याशा इंजिनाला तेलाचा चिकटपणाही जड होतो. सगळा भार त्या दोन अंगांमधल्या फटीवर. सिलिंडर आणि पिस्टन तुम्ही ट्रॉलरच्या मशिनातल्या एकाच जुन्या लायनरच्या बिडातून घेतलेत. “दोगय एकाच आवयचे,” तुम्ही म्हणालात, “तापले तर बरोबर फुगतले. भांडूचे नाय.” लठ्ठ पिस्टनची फट तुम्ही माझ्याकडून पास करून घेतलीत. मी कागदाची पट्टी त्याच्याभोवती फिरवून पाहिली आणि एका ठिकाणी ती अडकते म्हणून सांगितलं. तुम्ही तो परत लेथवर चढवलात. त्या दिवशी तुमची बोटं चांगली होती.

पास करायची ही पद्धत आपल्या घराची. काकाच्या हाताखाली ती राहिली नाही आणि आमच्या कंपनीत ती मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेली आहे, पण मी ती स्वयंपाकघरात शिकले. ज्याने वस्तू केली त्याने तिचं माप स्वतः घ्यायचं नाही. दुसऱ्याने घ्यायचं, आणि किती हवं आहे हे त्या दुसऱ्याला सांगायचं नाही. मी शाळेत जायला लागण्याआधी तुम्ही मला ओट्यावर बसवता. मम्मी मागे नारळ खवते आहे. तुम्ही माझ्या हातात मायक्रोमीटर देता आणि एकेक वस्तू पुढे करता. मम्मीची बांगडी, बांगड्याचा काटा, फणसाचं पान, माझ्याच डोक्यातला एक केस. मला आकडे धड वाचता येत नाहीत, म्हणून तुम्ही मला रेघा मोजायला लावता. मी एकदा म्हणते, “वीसच्या जवळ.” तुम्ही मायक्रोमीटर माझ्या हातातून काढून घेता. रागावत नाही, पण आवाज बदलतो. “जवळ म्हणजे किती गो? जवळ आपली शेजारीण रवता. हयसर आकडो सांग.” मम्मी खवता खवता हसते, “चेडवाक जेवूक तरी दे, तुझो आकडो रांदून घालू काय?” मी रडवेली होऊन पुन्हा रेघा मोजते आणि आकडा सांगते. तो बरोबर की चूक हे तुम्ही सांगत नाही. तुम्ही फक्त मान हलवता. बरोबर काय ते तुम्हालाही माहीत नव्हतं, माझ्या आकड्यावर तुम्ही विसंबत होतात, हे मला खूप उशिरा कळलं.

आणि तो बुशचा दिवस. मी सातवीत असेन. एका ट्रॉलरचा मालक शेडच्या दारात उभा आहे, भरती चुकेल म्हणून सारखा घड्याळ बघतो आहे. शाफ्ट ज्यात फिरतो तो गनमेटलचा बुश तुम्ही कातून माझ्याकडे देता. मी मोजते आणि आकडा सांगते. तुमचा चेहरा पडतो. तुम्ही परत मोजायला सांगता. मी परत तोच सांगते. बुश सैल गेलेला आहे. मालक म्हणतो, “असूंदे रे, काय होतला? पाण्यात तर जाता!” तुम्ही तो बुश भंगाराच्या डब्यात टाकता आणि दुसरा तुकडा चढवता. मालक वैतागतो. “चेडू तुझा साहेब झाला मरे! त्याच्या आकड्यार माझी भरती गेली.” तुम्ही लेथवरून मान न वळवता म्हणता, “साहेबच ता. माझा माप ताच पास करता.” त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. मला पुढे बक्षिसं मिळाली, डिप्लोमाला पहिली आले, नोकरी लागली. त्या वाक्याएवढं काहीच मिळालं नाही.

म्हणून मला या सिलिंडरचं समजेना. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी नाताळला घरी आले होते. साखरेने तुम्हाला पोखरलं होतं, तुमची चप्पल पायातून निसटायची आणि तुमच्या लक्षात यायचं नाही. तुम्ही मला शेडमध्ये नेलंत. फडकं उघडलंत. बिडाचं ते सिलिंडर तुमच्या तळहातावर होतं, काळसर, आतून चकचकीत. मी हात पुढे केला. सवयीने मायक्रोमीटरच्या पेटीकडेही पाहिलं. तुम्ही हात मागे घेतलात. “बोअर सरळ आसा,” म्हणालात. “पिस्टन तू कर, सवडीन.” आणि फडकं परत गुंडाळलंत. मी हसून सोडून दिलं. मला वाटलं, तुम्हाला ते जपून ठेवायचं आहे. पुढच्या सुट्टीला मी आले ती तुमच्या मातीलाच.

गेले काही दिवस मी एकच गोष्ट धरून बसले आहे. एक तर तुम्हाला ते कळलं नाही, किंवा कळलं आणि तुम्ही मला खोटं सांगितलं. पहिलं असेल तर तुमच्या बोटांतून जाणीव गेली होती आणि घरात कुणाला, मलाही, ते दिसलं नाही. दुसरं असेल तर मला ओट्यावर बसवून जे शिकवलंत त्याचं काय करायचं? मी ते भोक उजेडात धरून आत पाहत बसायचे. तुमच्या हत्याराच्या बारीक कड्या दिसतात. एका जागी त्या दाट झाल्या आहेत. तिथे तुमचा हात थांबला असेल. का थांबला असेल ते मी रोज वेगळं ठरवायचे. काकाला दाखवलं तर तो म्हणाला, “वायच घासून काढ नि सरळ कर. कोण बघूक येतलो? आणि ह्या इंजिनार तू काय रापणीचा जाळा ओढतलंस?” तो हसला, पण मला हसू येत नाही हे पाहून चहा पाठवतो म्हणून निघून गेला.

शेवटी मी मम्मीला विचारलं. ती मागच्या दारी बांगडे साफ करत होती. मी सिलिंडर हातात घेऊनच गेले. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सुरी थांबवली.

“ता खंय गावला तुका?”

मी म्हटलं, खणात. मग विचारलं, हे करताना पप्पांची बोटं कशी होती.

तिने माशाच्या पोटातली घाण काढून टाकली आणि म्हणाली, “बोटां कसली? मेली होती बोटां. चुलीवरचो टोप हातान उचललान एकदा, आणि कातडी जळल्याचो वास माका इलो, तेका नाय.” तिने हात धुतले. “एक दिवस ता घेवन इलो. माका म्हणालो, बोट घाल आत, फिरव, खंय चढ-उतार लागता काय बघ. मी म्हटलंय, माका काय कळता त्यातला? तर म्हणालो, तुझा बोट भाकरेर फिरता, जाड-बारीक तुका कळता. बघ.”

“मग?”

“मगे काय, घातलंय बोट. गुळगुळीत लागला. मी म्हटलंय, बरा आसा. एकसारख्या आसा. तेच्या तोंडार इतक्या बरा वाटला गो, मी परत बोट घालूक नाय.”

मी तिला विचारलं, मला का नाही दाखवलं. नाताळला मी घरीच होते, पेटी शेजारी होती. खरं तर तिला नव्हतेच विचारत मी. पण तिने उत्तर दिलं.

“मी सांगलंय तेका. म्हटलंय, चेडू येतला, तेका दाखव. तर म्हणालो, नको. ता खरा सांगतला.”

मी तिथेच पायरीवर बसले. मांजर माशाच्या डोक्यासाठी माझ्या पायाला घासत होतं. मी म्हटलं, इतकी वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस. ती म्हणाली, “सांगान काय होणार होता? तू रडला नसतंस गो. तू मोजूक बसलं असतंस.” हे ती रागाने बोलली नाही. मासे उचलून आत गेली आणि मीठ-हळद लावायला लागली.

म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हतात. पद्धतही मोडली नव्हती. आपलं माप आपण घेतलं नाहीत, दुसऱ्याला दिलंत, काय हवं ते न सांगता. फक्त तो दुसरा तुम्ही निवडून घेतलात. मला हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. उलट मी एकेक गोष्ट आठवू लागले. आमच्या कंपनीत माझ्या टेबलावर माल तपासायला आला की मुलं हळूच म्हणतात, मॅडमकडे गेलं, आता परत येणार. मला त्याचा अभिमान वाटायचा. काका गुडघ्याचा फोटो मला न दाखवता सावंतवाडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मम्मीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे मला शेजारणीकडून कळलं. मी नेहमी म्हणते की मला खरं सांगा. कुणी सांगत नाही, आणि विचारत तर कुणीच नाही. तुम्ही मला ज्यासाठी घडवलंत, नेमकं त्याच्यापासूनच शेवटी तुम्ही तोंड फिरवलंत. हे तुमचं चुकलं की माझं, हे मोजायचं कशाने, पप्पा? मी त्या नाताळला हात पुढे केला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होतात की माझ्यामागच्या पेटीकडे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिलिंडर सरळ करायला घेतलं. त्याआधी बराच वेळ ते तसंच ठेवावं असं वाटत होतं. पिस्टन तळाच्या मापाला करायचा आणि चाकाचा दांडा आखूड करून त्याला आतल्याच भागात फिरवायचा, म्हणजे तुमच्या कड्या राहिल्या असत्या. इंजिन कदाचित चाललंही असतं. पण तुम्ही ते मान्य केलं नसतंत. निदान तुमची बोटं चांगली होती तेव्हाच्या तुम्ही केलं नसतंत, आणि माझी ओळख त्या तुमच्याशी जास्त आहे. मी लाकडाची दांडी भोकाच्या मापाला कातली, तिला चीर पाडली, तेल आणि धातू घासायची बारीक पेस्ट लावली. लेथ अगदी हळू सोडला आणि सिलिंडर हातात धरून दांडीवर पुढे-मागे करत राहिले. तळाशी जास्त, तोंडाशी कमी. घट्ट लागे तिथे थांबायचं, सैल झालं की पुढे. फडक्यावर राखाडी चिखल येत होता. तो पुसताना दर वेळी वाटत होतं की हे तुमच्या हातचं जातं आहे. कड्या दाट होत्या ती जागा सगळ्यात शेवटी गेली.

मग पिस्टन. तो मी जरासा मोठा ठेवून कातला आणि पेस्टने घासत घासत उतरवला. माझी जुनी खोड इथे आडवी आली. थोडं घासलं की धुवायचं, बसतो का बघायचं, परत घासायचं. प्रत्येक वेळी बसवून बघताना आत कुठेतरी उरलेली पेस्ट आणखी घासत असते. माझ्या तपासण्यानेच फट वाढत जाणार, हे कळत होतं आणि हात थांबत नव्हता. मी लेथ बंद केला, शेडच्या बाहेर जाऊन माडाखाली उभी राहिले, आणि परत येऊन शेवटचंच म्हणून दोन्ही वस्तू गरम पाण्याने आणि साबणाने धुतल्या. मम्मीच्या परातीत. “माझ्या परातीत?” ती ओरडली. “पिठाक काळो रंग चढलो तर तू खातलंस!”

वस्तू मी केली होती, तेव्हा पास मी करू शकत नव्हते. घरात मम्मीशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी तिला बोलावलं, सिलिंडर तिच्या हातात उभं दिलं, खालच्या भोकाला अंगठा लावायला सांगितला आणि एवढंच म्हटलं, काय होतं ते सांग. मग वरून कोरडा पिस्टन सोडला.

“गेलोच नाय गो खाली,” ती म्हणाली. “अर्ध्यात रवलो. आंगठ्याक ढकलता कसो.”

म्हणजे कोंडलेली हवा बाजूने निसटत नव्हती. मी म्हटलं, आता अंगठा काढ. कुठेही न घासता तो तिच्या तळहातावर टुपकन पडला आणि ती लहान मुलीसारखी दचकली.

संध्याकाळी आम्ही इंजिन जोडून ओसरीवर ठेवलं आणि दिवा लावला. पहिल्यांदा चाकाला टिचकी मारली तर ते मागे आलं. नळी अजून तापली नव्हती. थोडं थांबून परत मारली आणि ते फिरायला लागलं, फिरतच राहिलं. मम्मी कान पुढे करून ऐकत होती. “आवाजच नाय,” म्हणाली. बराच वेळ आम्ही दोघी बघत होतो. मग चाकावरची नजर न काढता तिने विचारलं, “म्हणजे मी तेका सांगलंय, ता बरोबर होता? भोक बरा होता मां तेचा?”

तिने हे किती वर्षं मनात ठेवलं होतं ते मला तिच्या आवाजावरून कळलं. मी तिच्याकडे बघून म्हटलं, “होय. बरा होता. एकसारख्या होता.”

“तू सांगतंस म्हणजे खराच,” ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ ओढून बसली.

हे कागद मी रविवारी कबरीवर मेणबत्तीखाली ठेवणार होते. पण मम्मी दर रविवारी तिथला पालापाचोळा, कागद, सगळं उचलून वाचून मगच टाकते. म्हणून ते माझ्याबरोबर कुडाळच्या खोलीवर येतील आणि तिथेच राहतील. मी जाणूनबुजून चुकीचं माप सांगितलं आहे, पप्पा. झोप नीट लागत नाही. पण तिने परत विचारलं, तरी मी तेच सांगणार आहे.